माणसांची गाडी कीं मालाची?

बैलगाडीच्या काळीं ज्या घरास दोन पैसे गांठीला असत त्या घरीं गाड्या दोन तऱ्हेच्या असत. बायकामुलांस माहेरीं-सासरीं पोंचविण्यास दमणी, आणि धान्य, शेणखत, सर्पण वाहण्यास खटारा. दमणीस वर छत, आंत गादी, बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा. खटाऱ्यास यांतलें कांहींच नाहीं. दमणींतून कोणीं खत वाहिलें नाहीं. आणि एखाद्या सुनेस खटाऱ्यांत बसून सासरीं येण्याची पाळी आली, तर त्या गोष्टीचा पुढें घरांत कोणी फारसा उच्चार करीत नसे. बैल गेले, मोटारी आल्या, तरी हा भेद मोडला नाहीं. माणसांची ती मोटार, मालाचा तो टेम्पो; एक दिवाणखान्यासमोर उभी राहावयाची, दुसरा मागल्या दारीं.

अलीकडे हा भेद पुसूं पाहणारी एक गाडी सुशिक्षित घरांतून मागविली जाऊं लागली आहे. तिला पिकअप म्हणतात. पुढें दोन रांगांत पांच माणसें बसतील अशी बंद, थंड हवेची खोली, आणि मागें उघडा हौदा व त्यास पाडतां येणारा फाळका. ‘छोटा हत्ती’ या नांवानें जी गाडी सर्वत्र ओळखली जाते तिच्याइतकी ही लहान नव्हे, आणि ट्रकाइतकी मोठीही नव्हे. म्हणून तिला मध्यम आकाराची म्हणावयाचें. गेल्या वर्षभरांत आमच्या परिचयाच्या तीन घरांत तिच्याविषयीं खल झाला, आणि तिन्ही ठिकाणीं आम्हांस सल्ला विचारण्यांत आला. किंमत, रंग आणि व्याजाचा दर यांची चर्चा सर्वत्र ऐकूं आली. परंतु ज्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून विसाराचा एक रुपयाही देऊं नये, ते प्रश्न कोणीं काढलेच नाहींत. गाडींत भरावयाचें काय, आणि तिचें चाक रोज कोणाच्या हातीं राहावयाचें, हे ते दोन प्रश्न.

पुणेकरांस या गाडीचें खरें म्हणजे नवल वाटावयास नको. ‘टेम्पो’ हा शब्द आज खेड्यांतल्या म्हातारीच्याही तोंडीं आहे, पण मूळचें तें हँबुर्ग शहरांतील एका जर्मन कारखान्याच्या गाडीचें नांव. नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं बजाज टेम्पो ही कंपनी काढून ती तीनचाकी मालगाडी आपल्याकडे बनविण्यास आरंभ केला. १९६४ सालीं कारखाना आकुर्डीस आला. नांव इतकें रुळलें कीं, २००५ सालीं कंपनीनें स्वतःचें नांव बदलून फोर्स मोटर्स केलें तरी लोकांचा टेम्पो तो टेम्पोच राहिला. त्याच पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांत १९६६ पासून टेल्कोचा, म्हणजे आतांच्या टाटा मोटर्सचा, कारखाना उभा राहूं लागला, आणि १९८८ सालीं टेल्कोनें ‘टाटामोबाईल २०७’ ही पिकअप बाजारांत आणली. पुढें १९९१ सालीं ‘सिएरा’ नांवाची जी ऐटदार मोटार निघाली ती याच पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली होती. म्हणजे मालाच्या गाडीच्या पोटीं माणसांची गाडी जन्मास आली! आजच्या पिकअपमधल्या मऊ गाद्या पाहून जे चकित होतात त्यांनीं हा वंशवृक्ष ध्यानांत ठेवावा.

परदेशांत हा संकर आणखी जुना आहे. अमेरिकेंत फोर्डनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या पाठीशीं कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. ऑस्ट्रेलियांतली हकीकत मात्र आमच्या वाचकभगिनींस अधिक आवडेल. तेथें असें सांगतात कीं, व्हिक्टोरिया प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या पत्नीनें फोर्ड कंपनीस पत्र लिहून मागणें केलें, कीं रविवारीं चर्चला जातांना भिजावें लागूं नये आणि सोमवारीं डुकरें बाजारांत नेतां यावींत अशी एकच गाडी आम्हांस करून द्या. दोन घेण्याची आमची ऐपत नाहीं. लुई बँट नांवाच्या एका तरुणानें तसा नकाशा काढला आणि १९३४ सालीं ती गाडी तयार झाली. या बाईंच्या पत्रांतली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यांच्या घरीं डुकरें आधीं होतीं, गाडीची मागणी मागाहून आली. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं गाडी आधीं येते, आणि मग तिच्यांत घालावयाचें काय याचा शोध सुरू होतो.

हा शोध कां करावा लागतो तेंही उघड आहे. २०१६ सालीं इसुझू कंपनीची ‘डी-मॅक्स व्ही-क्रॉस’ आंध्रांतील श्रीसिटीच्या कारखान्यांतून बाहेर पडली. जानेवारी २०२२ मध्यें टोयोटाची ‘हायलक्स’ पुढें आली, आणि फेब्रुवारींतच, मागणी पुरवितां येत नाहीं म्हणून, कंपनीनें विसार घेणेंच थांबविलें; तें पुन्हां सुरू होण्यास जानेवारी २०२३ उजाडावा लागला. या गाड्या दणकट आहेत, चिखलांत चारी चाकांनीं जोर करतात, आणि दिसावयास रुबाबदार आहेत, हें कोणीही कबूल करील. त्या सव्वापांच मीटरांहून अधिक लांब आहेत, आणि सदाशिव पेठेंतल्या एखाद्या बोळांत त्यांतली एक वळवूं लागलें म्हणजे अर्धी पेठ सल्ला द्यावयास जमते, हेंही तितकेंच खरें. पण खरी मौज पुढेंच आहे. ‘हायलक्स’ आली तेव्हां तिची किंमत चौतीस लाखांच्या घरांत सुरू होत होती. त्याच वर्षीं टाटांची ‘योद्धा २.०’ ही साधी पिकअप दहा लाखांच्या आसपास निघाली, आणि ती दोन टन भार वाहते. तिप्पट किमतीची गाडी या भाराच्या जवळपासही येत नाहीं. किंमत आणि वहनशक्ति यांचें नातें असें उलटें असणारी वस्तु संसारांत क्वचितच सांपडेल.

वर सांगितलेल्या तीन घरांपैकीं एकाची हकीकत, घरच्यांच्या संमतीनें व नांवगांव वगळून, येथें देतों. कारण सगळा विषय तींत आला आहे. घर पुण्यांत, बाग दिवेघाटापलीकडे पुरंदर तालुक्यांत. घरांत आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें. थोरले कंपनींत मोठ्या हुद्द्यावर. धाकट्यांनीं नोकरी सोडून अंजिराची बाग हातीं घेतलेली. पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा मान मोठा आहे. पण फळ असें नाजूक कीं तें कोणाची वाट पाहत नाहीं. पहांटे उतरवावें, सावलींत भरावें आणि त्याच दिवशीं बाजार दाखवावा, नाहीं तर दुसऱ्या दिवशीं त्यास कोणी हात लावीत नाहीं. धाकट्यांचा माल भाड्याच्या टेम्पोनें गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत जात असे. टेम्पोवाला चार गांवें करीत येई. कधीं चारला, कधीं साडेसहाला. उशीर झाला कीं भाव पडलेला. तेव्हां स्वतःची गाडी पाहिजे, येथपर्यंत घरांत सर्वांचें एकमत झालें.

पुढें मात्र फांटे फुटले. थोरल्यांच्या मनांत ती मोठी, रुबाबदार, पांढऱ्या पाटीची पिकअप भरली. त्यांचें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड होतें: एकाच गाडींत सर्व भागेल, आठवडाभर माल जाईल, रविवारीं घरचीं सगळीं महाबळेश्वरास जातील. धाकटे कांहीं बोलेनात. ज्याच्या कामासाठीं वस्तु घ्यावयाची तोच मनुष्य एकत्र कुटुंबांत कित्येकदां सर्वांत कमी बोलतो, असा आमचा अनुभव आहे. सामाईक पैसा आपल्यासाठीं खर्च होतो आहे या संकोचानें त्याची जीभ बांधली जाते. आजोबांची हरकत निराळीच. “लग्नामुंजीस पिवळ्या पाटीच्या गाडींतून उतरावयाचें काय?” असें त्यांनीं एकदां विचारलें, आणि त्यावर त्या दिवशीं कोणी बोललें नाहीं.

कोंडी फोडली ती थोरल्या सुनेनें. तिनें धाकट्या दिरास विचारलें, “भाऊजी, ऐन हंगामांत रोज किती क्रेट भरतात?” ते म्हणाले, सत्तर. भरलेल्या क्रेटचें वजन बारा किलो. कागदावर आकडा आला आठशें चाळीस. पसंत केलेल्या गाडीच्या माहितीपत्रकांत इतका भार लिहिलेलाच नव्हता. आजी इतका वेळ वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, “मी या घरांत आलें ती खटाऱ्यांत तांदळाच्या पोत्यावर बसून. दमणीचा आंस वाटेंत मोडला होता. साठ वर्षें झालीं. कोणाचें काय अडलें?” नातवंडांस ही गोष्ट त्या दिवशीं प्रथमच कळली.

पाटीच्या रंगाचा प्रश्न आपण मानापमानाचा समजतों. वास्तविक तो कायद्याचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या कलमांत मालगाडीची व्याख्या दुहेरी केली आहे. केवळ मालासाठीं जी बांधली ती मालगाडी. आणि जी तशी बांधलेली नाहीं, पण जिच्यांतून माल वाहिला जात आहे, तीही त्या वापरापुरती मालगाडीच. म्हणजे पांढऱ्या पाटीच्या पिकअपमध्यें रोज पहांटे सत्तर क्रेट घालून दिवेघाट उतरणारा मनुष्य, माल स्वतःच्या बागेंतला असला तरी, नाक्यावर अडविला जाऊं शकतो. आणि अपघात झालाच तर विमा कंपनीस हुज्जत घालावयास आयतें कारण मिळतें. गांवाहून घरापुरतीं दोन पोतीं आणणें ही गोष्ट निराळी, रोजचा व्यापार निराळा. ज्यांच्या घरीं असा व्यापार नाहीं त्यांनीं हौसेखातर पांढऱ्या पाटीची पिकअप खुशाल घ्यावी. हौस हा कांहीं गुन्हा नव्हे. मात्र तिला ‘शेतीसाठीं घेतली’ असें म्हणूं नये.

पिवळ्या पाटीस जाच नाहीं असें नव्हे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, तर मालगाडीस पहिलीं आठ वर्षें दर दोन वर्षांनीं आणि पुढें दरसाल योग्यता-प्रमाणपत्र घ्यावें लागतें. तिला ताशीं ८० किलोमीटरांची वेसण असते. मालवाहतुकीचा परवाना निराळा लागतो, पण एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक भार, ३००० किलोंपलीकडे जात नसेल तर तो माफ आहे. मध्यम आकाराच्या पिकअप या रेघेच्या अलीकडे-पलीकडेच असतात, म्हणून हा आंकडा कागदावर स्वतः वाचून घ्यावा. चालविण्याच्या परवान्याची भीति मात्र आतां उरली नाहीं. साध्या मोटारीचा परवाना असणारास ७५०० किलोंपर्यंतची मालगाडी चालवितां येते, हें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं निश्चित केलें. करांत तर पिवळ्या पाटीचाच लाभ. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ वरून १८ वर आला. आणि महाराष्ट्रांत डिझेलच्या खाजगी मोटारीस किमतीप्रमाणें शेंकडा १३ ते १५ कर भरावा लागतो, तेथें हलक्या मालगाडीस २०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत शेंकडा ७ एकरकमी कर ठरविण्यांत आला.

एक गोष्ट मात्र आयाबहिणींनीं हट्टानें पाळावी. मालगाडीच्या हौद्यांत, सतरंजी घालून कां होईना, माणसें बसवूं देऊं नयेत. जत्रेस जावयाचें असो कीं वऱ्हाडास. मालगाडींतून फुकट नेलेल्या पाहुण्यास अपघात झाला तर कायद्यानें सक्तीच्या केलेल्या विम्यांतून भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे. १९९४ च्या दुरुस्तीनें मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधि यांस संरक्षण मिळालें. सहज म्हणून चढलेल्या आतेभावास तें नाहीं. पुढच्या खोलींत घरचीं माणसें बसावयाचीं असतील तरीही जादा हप्ता भरून त्यांचा विमा उतरवितां येतो कीं नाहीं हें विचारून लेखी घ्यावें. या घरापुरतें सांगावयाचें तर, लग्नामुंजीस घरची जुनी मोटार होतीच. आजोबांची हरकत त्यामुळें आपोआप मिटली.

आतां दुसरा प्रश्न, चाकाचा. एकत्र कुटुंबांत मोठी वस्तु वडिलांच्या नांवावर घेण्याची रीति आहे आणि ती चांगली आहे; तींत आदर आहे, आणि पुढचे तंटेही टळतात. या घरीं स्कूटरीपासून सगळें आजोबांच्या नांवावर. परंतु मोटारीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा पंधरा लाख रुपयांचा अपघात-विमा असतो, आणि त्या जोडशब्दांतलीं दोन्हीं पदें खरीं असावीं लागतात: नोंदणी त्याच मनुष्याच्या नांवावर, आणि चालविण्याचा परवानाही त्याच्याच खिशांत. आजोबांचें वय चौऱ्यायशीं. परवाना केव्हांच संपलेला. गाडी त्यांच्या नांवावर घेतली असती, तर रोज पहांटे चारला काळोखांत घाट उतरणारे धाकटे चालक होते पण मालक नव्हते, आणि आजोबा मालक होते पण चालक नव्हते. उद्यां वेळ आली तर धाकट्या सुनेस व तिच्या मुलांस या पंधरा लाखांतली एक पैही मिळाली नसती.

ही गोष्ट आजोबांस सांगावयाची कोणीं? घरांत कोणी धजेना, तेव्हां तें काम आमच्याकडे आलें. आम्हीं सांगितलें. त्यांनीं विम्याचा नमुना मागितला, चष्मा लावून तो दोनदां वाचला, आणि म्हणाले, “त्याच्या नांवावर घाला.” थोरल्यांनीं शंका काढली, कीं सामाईक पैशाची गाडी एकाच्या नांवावर गेली तर उद्यां वांटणीच्या वेळीं हिशेब कसा लागावयाचा. कोणी याला स्वार्थ म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. ज्या घरांत असे प्रश्न वेळेवर आणि तोंडावर विचारले जातात तीं घरें टिकतात. घरच्या हिशेबाच्या वहींत एक पान लिहिलें गेलें: रक्कम अमुक, पैसा सामाईक, नोंदणी सोयीसाठीं धाकट्यांच्या नांवावर, बागेच्या उत्पन्नांतून दरसाल अमुक परत. खालीं चौघांच्या सह्या, आणि त्यांत दोन्ही सुनांच्या. सुनांच्या सह्या आजोबांनींच घ्यावयास लावल्या.

मग मात्र गाडी ठरावयास एक तासही लागला नाहीं. पिवळ्या पाटीची, दोन रांगांच्या बैठकीची, एक टन भाराची साधी पिकअप. पांढरा रंग, कारण उन्हांत तोच कमी तापतो. थोरले स्वतः धाकट्यांबरोबर विसार द्यावयास गेले.

विसार देतांना काय पाहावें तें थोडक्यांत सांगतों. पावतीवर गाडीचा नेमका प्रकार, रंग, भाराचा आंकडा व सुपूर्त करण्याचा वायदा लिहून घ्यावा. तोंडी वायद्यास कांहीं किंमत नाहीं. मागणी रद्द केल्यास विसारांतून किती कापणार तेंही त्याच कागदावर असूं द्यावें. किंमत ही बहुधा गाडी हातीं येण्याच्या दिवशींची धरतात. सप्टेंबर २०२५ मध्यें ज्यांचें बिल कर उतरल्यावर झालें त्यांस या अटीचा फायदा झाला, पण एरव्हीं ती ग्राहकाच्याच खिशास चाट लावते. ताडपत्री, तिच्या दोऱ्या अडकविण्याचे आंकडे, हौद्याचा रबरी गालिचा हीं सामानें विक्रेता फुकट म्हणून सांगतो आणि बिलांत घालतो. म्हणून यादी आधीं मागावी. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असें बंधन नाहीं. गाडी आल्यावर तिचा सतरा अक्षरांचा सांगाडा-क्रमांक विक्री-प्रमाणपत्राशीं, म्हणजे नमुना २१ शीं, ताडून पाहावा, आणि बनावटीचा महिना पाटीवर वाचावा. कोठाराच्या आवारांत सहा महिने पावसांत उभी राहिलेली गाडी नवी म्हणून गळ्यांत मारण्याचे प्रकार घडतात. फाळका स्वतः दोनदां पाडून व लावून पाहावा. जादा चाक बहुधा हौद्याच्या पोटाखालीं टांगलेलें असतें. तें काढावयाचें कसें, हें घाटांत शिकण्यापेक्षां विक्रेत्याच्या अंगणांत शिकलेलें बरें. हें सर्व दिवसाउजेडीं करावें. मुहूर्त संध्याकाळचा असेल तर गाडी सकाळींच पाहून ठेवावी, आणि संध्याकाळीं नुसता नारळ फोडावा.

या घरची गाडी अजून यावयाची आहे. विक्रेत्यानें सहा आठवड्यांचा वायदा केला होता, आणि हा मजकूर लिहीत असतां नववा आठवडा लागला. वायदा पावतीवर लिहिलेला असल्यामुळें थोरले दर सोमवारीं ती पावती घेऊन त्याच्याकडे जाऊन बसतात. बागेंत मीठा बहर धरला आहे, पहिलीं फळें पंधरा दिवसांत उतरतील, आणि धाकट्यांनीं तूर्त जुन्याच टेम्पोवाल्यास पहांटे चारची वेळ सांगून ठेवली आहे.